बक्षीस आणि राखण

ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, दुरुस्त करता येते आणि पुढे देता येते, ते मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. साहित्याच्या अभ्यासकांना हा विषय परका वाटतो. वास्तविक फायरफॉक्स, लिबरऑफिस यांसारख्या साधनांची मराठी रूपे घडण्यात स्वयंसेवकांच्या श्रमांचा मोठा वाटा आहे. असे श्रम करणारी माणसे नेहमीच अपुरी पडतात. तेव्हा रोख बक्षिसांच्या स्पर्धा भरवून ती आकर्षित करावीत, असे सुचवले जाते. ‘लेट अस सी’कार यशवंत कानेटकरांच्या नागपुरात प्रोग्रामिंग शिकलेल्या तरुणांची वाण नाही, इथे तर ही सूचना कोणालाही पटेल. आम्हांला ती अर्धीच पटते.

बक्षिसाने लेखन घडवण्याचा प्रयोग मराठीला नवा नाही. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीतील काही भाग इंग्रजी अमदानीत मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवण्यात आला आणि १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. तिच्यामुळे मराठी ग्रंथलेखनाला आणि भाषांतरांना चालना मिळाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु १८५५ साली जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक याच कमिटीपुढे ठेवले आणि ते नाकारले गेले. ते छापले जाण्यास १९७९ साल उजाडले. बक्षीस लेखकाला बोलावते खरे, पण मोलाचे काय, हे परीक्षकच ठरवतो.

सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात परीक्षकाचा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो. तिथे परीक्षक सत्तेने माजत नाही, कामाने दमतो. २०१४ पासून दर ऑक्टोबरात भरणाऱ्या ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात ठरावीक संख्येने योगदान पाठवणाऱ्यास टी-शर्ट मिळत असे. २०२० साली अनेक नवख्यांनी प्रकल्पांच्या परिचयाच्या मजकुरात एखादे विशेषण घुसडून ती संख्या गाठण्याचा सपाटा लावला. हा कचरा उपसता उपसता प्रकल्प सांभाळणारे हैराण झाले. त्याच महिन्यात आयोजकांना नियम बदलून संमती देणाऱ्या प्रकल्पांपुरताच उपक्रम मर्यादित करावा लागला.

एका टी-शर्टाने हे घडले. रोख रकमेचे काय? ‘कर्ल’ हा जगभर वापरला जाणारा मुक्तस्रोत प्रकल्प २०१९ पासून सुरक्षेतील दोष दाखवणाऱ्यांना पैसे देत होता. त्यातून ८० हून अधिक खरे दोष उघड झाले. पुढे मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहवून घेतलेल्या पोकळ तक्रारींचा पूर आला आणि २०२६ च्या जानेवारीअखेर ती योजनाच बंद करावी लागली. पैशाने चांगली माणसे आली, हे खरेच. पण त्यांना निवडून घेण्याचा भार ज्यांच्यावर पडला, त्यांची तरतूद पुरेशी नव्हती.

हे मराठीच्या, विशेषतः वऱ्हाडीच्या संदर्भात तपासून पाहू. प्रमाणभाषेवर बेतलेल्या शब्दतपासनीसाच्या लेखी ‘मले’, ‘तुले’ ही रूपे चूकच. समजा, वऱ्हाडी आणि झाडीबोलीतील सर्वाधिक शब्द जमवणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. यादी महिन्याभरात फुगेल. पण कोणता शब्द कुठे बोलला जातो, कोणते रूप खरे आणि कोणती निव्वळ टंकनातील चूक, हे कोण ठरवणार? त्यासाठी बोलीचा कान असलेला आणि वर्षानुवर्षे त्या यादीपाशी बसणारा माणूस हवा. त्याच्या कामाची मोजदाद होत नाही, म्हणून त्याच्यासाठी बक्षीसही नसते.

पैसा त्याज्य आहे, असे आमचे म्हणणे नाही. फुकट श्रमांचे गोडवे बहुधा ज्यांचे पोट भरलेले आहे तेच गातात. आमचा आग्रह वाटपाच्या क्रमाचा आहे. आधी प्रकल्प सांभाळणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला नियमित मानधन द्यावे. बक्षीस द्यायचेच तर ते पाठवलेल्या कामाच्या संख्येवर न देता, वर्षभराने जो अजूनही टिकून आहे त्याला द्यावे. स्वीकार-नकाराची कारणे सर्वांना वाचता येतील अशी उघड ठेवावीत. ‘तृतीय रत्न’च्या वाट्याला जे आले, त्यानंतर एवढे तरी मराठीने शिकायला हवे. आणि नागपुरातील मराठी विभागांनी या तपासणीला अभ्यासाचा भाग मानावे. शब्दांची पारख हे आपलेच काम आहे. ते केवळ अभियंत्यांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.