बुडालेल्या जहाजावर कोण होते?

आमच्या तिरोड्यात समुद्र नाही. बोड्या आहेत, धानाच्या बांध्या आहेत, वैनगंगा जवळ आहे. पण समुद्र म्हणाल तर तो रेल्वेने रात्र काढल्यावर मुंबईला दिसायचा. असे असता येथील मुले संगणकावर पाणबुड्या चालवतात, याचा पुष्कळांना राग येतो. "गुरुजी, पोट्टा वाया गेला जी!" असे गाऱ्हाणे घेऊन पालक येतात. उलट शिकलेली मंडळी हसून म्हणतात, "खेळच तो! एवढे काय मनावर घ्यायचे?" मला हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत.

पहिल्या पक्षाला मी विचारतो : मुलगा त्या खेळाकडे गेला कसा? माझ्या वर्गातला एक विद्यार्थी नेताजींच्या पाठातून गेला. फेब्रुवारी १९४३ मध्ये सुभाषबाबू जर्मनीतील कील बंदरातून यू-१८० या पाणबुडीने निघाले आणि एप्रिलच्या अखेरीस मादागास्करजवळ खवळलेल्या समुद्रात रबरी तराफ्यावरून जपानी आय-२९ पाणबुडीवर चढले. "इतके दिवस माणूस पाण्याखाली राहतो कसा?" हा त्याचा प्रश्न. उत्तर त्याने 'सायलेंट हंटर'सारख्या खेळात शोधले. डिझेल इंजिनाला हवा लागते. पाण्याखाली बोट बॅटरीवर चालते, ती लवकर संपते. म्हणून त्या काळची पाणबुडी बहुतेक वाट पाण्यावरूनच कापी. टॉर्पेडो म्हणजे पाणतीर सोडायचा तर समोरच्या जहाजाचे अंतर, वेग आणि दिशा यांचा हिशेब हवा. त्रिकोणमितीला भिणारा मुलगा रात्री बसून कोन काढू लागला! ज्याला हे वाया जाणे वाटते, त्याने अभ्यास म्हणजे काय ते एकदा सांगावे.

परंतु माझे खरे भांडण दुसऱ्या पक्षाशी आहे. या खेळात बुडालेले जहाज म्हणजे वहीत जमा झालेले टन. पाच हजार टन, आठ हजार टन, शाबास! युद्धातही असाच हिशेब चाले. १८ एप्रिल १९४३ रोजी याच यू-१८० ने 'कॉर्बिस' हे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडविले. त्या वेळी नेताजी पाणबुडीतच होते. जहाजावरील बहुतेक माणसे गेली. आपण पाणबुडीतल्या माणसाचे नाव जपले, हे योग्यच. पण ब्रिटिश जहाजांवर नुसते ब्रिटिश होते काय? डेकवर रत्नागिरीकडचा खलाशी असे, भटारखान्यात गोव्याचा माणूस, भट्टीपाशी सिल्हेटचा. मुंबईत मस्जिद बंदराजवळ 'इंडियन सेलर्स होम'मध्ये दुसऱ्या महायुद्धातील स्मारक आहे. समुद्राखेरीज ज्यांना थडगे नाही, असे नौदलाचे चारशेहून अधिक आणि व्यापारी जहाजांवरचे सुमारे सहा हजार हिंदी नाविक तेथे स्मरले जातात. मुंबईला गेलेले किती लोक तेथे डोकावतात? आणि शिकार करणाऱ्यांचे तरी काय झाले? जर्मन पाणबुड्यांवरील सुमारे चाळीस हजारांपैकी तीस हजारांच्या आसपास परतलेच नाहीत.

म्हणून पालकांना माझे सांगणे, संगणकाची तार ओढू नका. आणि 'खेळच तो' म्हणणाऱ्यांना सांगणे, मुलाला एकटे सोडू नका. दिवाळीच्या सुटीत त्याच्या शेजारी बसा. जहाज बुडाले की टन मोजण्याआधी विचारा : हे कोणत्या बंदराचे, यात काय भरले होते, आणि यावर कोण होते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे खेळात सापडतील. तिसऱ्यासाठी इतिहासच उघडावा लागेल. तो प्रश्न ज्याला पडत नाही, त्याला इतिहास आला असे मी मानणार नाही. मग तो पाणबुडी चालवो की सनावळी तोंडपाठ म्हणो.