पोटावरची पिशवी आणि आपण

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असे डॉक्टरांनी सांगितले की रोग्याचे आप्तेष्ट सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु काही शस्त्रक्रिया अशा असतात की, त्यांच्यानंतर रोग्याला जगणे पुन्हा नव्याने शिकावे लागते. गुदाशयाच्या कर्करोगात, आतडे फुटल्यास किंवा अपघातात आतड्याला जबर इजा झाल्यास शल्यविशारद आतड्याचे टोक पोटावर आणून शौचाची वेगळी वाट करून देतात आणि तीवर मल साठविणारी पिशवी चिकटवितात. या वाटेला वैद्यक ‘स्टोमा’ म्हणते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘तोंड’ एवढाच आहे. बारामती किंवा इंदापूर तालुक्यातील एखादा शिक्षक, कारकून वा शेतकरी पुण्या-मुंबईहून अशी शस्त्रक्रिया करून गावी परततो, तेव्हा त्याचा जीव वाचलेला असतो; मात्र शाळेत कसे जावे, एसटीत कसे बसावे, पंगतीत जेवावे की नाही, हे त्याला सांगणारे बहुधा कोणी नसते.

वस्तुतः हे ज्ञान जगाला मिळाले, तेच मुळी परिचारिका आणि रोगी यांच्याकडून. डेन्मार्कमधील एलिझ सोरेनसेन या परिचारिकेची बहीण शस्त्रक्रियेनंतर घराबाहेर पडावयास धजत नव्हती. तिच्यासाठी एलिझने १९५४ साली त्वचेला चिकटणारी, वापरून टाकून देता येणारी पिशवी कल्पिली. अमेरिकेत नॉर्मा गिल ही स्वतः स्टोमा असलेली स्त्री, डॉ. रूपर्ट टर्नबुल यांच्या साह्याने तिने इतर रोग्यांना शिकविण्याचे काम १९५८ मध्ये आरंभिले आणि त्यातून परिचर्येची एक स्वतंत्र शाखा निर्माण झाली. टर्नबुल यांनी कातडीच्या रक्षणासाठी वापरलेला कराया गोंद तर आपल्याच रानातील कांडोळाच्या झाडाचा. म्हणजे औषध आपल्या डोंगरातले, पण त्यामागचे शहाणपण अजून आपल्या गावात पोहोचावयाचे आहे.

हे शहाणपण अवघड मुळीच नाही. त्याचा आरंभ शस्त्रक्रियेपूर्वीच व्हावयास हवा. स्टोमाची जागा रोग्याला उभे करून, बसवून, वाकवून आधीच खुणेने ठरविता येते. धोतराची गाठ किंवा नऊवारीचा ओचा कोठे येतो, हे रोग्याने त्या वेळी आवर्जून सांगावे. ओली, तांबूस दिसणारी ही जागा दुखत नाही, कारण तिच्यात वेदना कळविणारे ज्ञानतंतू नसतात. पुसताना थेंबभर रक्त आले तर घाबरू नये. तिचा रंग काळपट वा निळसर झाला, तर मात्र डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये. पिशवी एकतृतीयांश भरली की रिकामी करावी. ओझ्याने ती सुटून येते. ती साधारणतः तीन-चार दिवसांनी बदलावी, आणि तीही सकाळी, काही खाण्यापूर्वी. भोवतालची कातडी साध्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी. तेल किंवा मलम लावू नये, नाहीतर पिशवी चिकटत नाही. चकतीचे छिद्र स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे कापावे. पहिले सहा-आठ आठवडे स्टोमा आकसत असतो, म्हणून माप पुनःपुन्हा घ्यावे. वापरलेली पिशवी शौचकूपात टाकू नये. रिकामी करून, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावी.

आपल्या भागाच्या हवापाण्याचाही विचार हवा. इंदापूरच्या उन्हाळ्यात घामाने चिकटपणा कमी होतो आणि उन्हात तापलेल्या मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेल्या पिशव्या निकामी होतात. त्या घरात थंड जागी ठेवाव्यात. प्रवासात आधीच कापून ठेवलेल्या दोन पिशव्या जवळच्या थैलीत असाव्यात. ताकाने दुर्गंधी कमी होते. कांदा, लसूण, कोबी यांनी वायू वाढतो. ज्यांच्या लहान आतड्याची वाट पोटावर काढलेली आहे, त्यांच्या शरीरातून पाणी आणि मीठ झपाट्याने जाते. नुसते पाणी किंवा उसाचा रस ढोसून ती तूट भरत नाही, उलट वाढू शकते. जलसंजीवनी घ्यावी लागते. शेंगदाणे, खोबरे, मक्याचे दाणे, पेरूच्या बिया अशा लोकांनी जपून, बारीक चावून खाव्यात. एकादशीची शेंगदाणे घातलेली खिचडी आणि दिवसभर कमी पाणी, ही जोडी त्यांना महागात पडू शकते. कळा येऊन काही तास पिशवीत काहीच उतरले नाही, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

एवढे सारे रोगी शिकेल. पण शाळेत आणि कचेरीत त्याची सोय कोण करणार? पिशवी रिकामी करावयास दहा मिनिटे, आतून कडी लागणारे शौचालय, नळाला पाणी आणि झाकणाची बादली एवढेच लागते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांच्या यादीत स्टोमाचा उल्लेख नाही. म्हणून ही सोय कायद्याकडे बोट न दाखविता मुख्याध्यापकांनी आणि कार्यालयप्रमुखांनीच करावयाची आहे. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे. अशा ठिकाणी आठवड्यातील एक ठराविक वेळ प्रशिक्षित परिचारिकेने या रोग्यांसाठी राखून ठेवावी आणि ती फलकावर ठळकपणे लिहावी, अशी मागणी करणे मुळीच अवास्तव नाही. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही या क्षेत्रातील संस्था आहे. तिचा पत्ता शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांसोबतच रोग्याच्या हाती पडला, तर त्याचे एकटेपण पुष्कळ कमी होईल.

राहता राहिली सोवळ्याओवळ्याची गोष्ट. पिशवी आहे म्हणून पूजेला बसू नये, स्वयंपाकघरात येऊ नये, असे घरातलीच माणसे सुचवितात आणि रोगी ते मुकाट्याने मानतो. कित्येक जण तर या धास्तीपोटी शस्त्रक्रियाच लांबणीवर टाकतात, आणि कर्करोग कोणासाठी थांबत नाही. मल प्रत्येकाच्याच पोटात असतो. याच्या पोटावर तो बंद पिशवीत आहे, एवढाच काय तो फरक. दर आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे जाते. त्या वाटेवर पोटावर पिशवी बांधलेला एखादा वारकरी चालत असेलही. त्याला पाण्याचा तांब्या द्यावा आणि आडोशाची जागा दाखवावी. त्याहून अधिक चौकशी करण्याचे कारण नाही.