ब्रेक नसलेल्या गाड्या आणि एकेक गुण

दोस्तांनो, जत्रेतला मौतका कुवा पाहिलाय ना तुम्ही? फळ्यांच्या त्या विहिरीत मोटारसायकल गरागरा फिरते आणि आपण वर कठडा घट्ट धरून उभे! आज अशाच गरागरा फिरणाऱ्या एका खेळाची गोष्ट सांगतो. फरक एवढाच, की इथे एका वेळी चार जण फिरतात, तेही सपाट मैदानात. आणि त्यांच्या गाडीला ब्रेकच नसतो!

हो, बरोबर वाचलंत. या खेळाचं नाव स्पीडवे. अंडाकृती ट्रॅक, त्यावर मोकळी, घसरती माती. ५०० सीसीची गाडी. एकच गिअर, आणि पेट्रोलऐवजी मिथेनॉल. चार फेऱ्या मारायच्या, त्याही डाव्या हाताला वळत. सगळा खेळ साधारण एका मिनिटात आटोपतो.

तुम्ही म्हणाल, ब्रेक नाही, ही कसली अक्कल? पण जरा विचार करा. चार गाड्या एकमेकींना खेटून धावताहेत. पुढच्यानं करकचून ब्रेक दाबला, तर मागचा कुठे जाईल? थेट त्याच्या अंगावर. म्हणून कुणालाच ब्रेक नाही. मग वळतात कसे? मागचं चाक मुद्दाम बाहेर घसरू द्यायचं, हँडल उलट उजवीकडे ठेवायचं आणि डावा पाय जमिनीवर टेकवत जायचं. त्या पायातल्या बुटाला खाली पोलादी तळ असतो, नाहीतर बूट एका दिवसात झिजून जाईल.

आता गुणांची गंमत बघा. प्रत्येक शर्यतीत दोन्ही संघांचे दोन-दोन स्वार. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ आणि चौथ्याला भोपळा. म्हणजे एका शर्यतीत ६ गुण. सामन्यात शर्यती १५, म्हणजे एकूण गुण ९०. ४६ विरुद्ध ४४ असा सामना सुटला, की समजायचं, कुणीतरी कुठेतरी तिसऱ्या नंबरासाठी जिवाचं रान केलं असणार! प्रेक्षकही हातात छापील पत्रक आणि पेन घेऊन बसतात आणि प्रत्येक शर्यत संपली की गुण लिहितात. लहान मुलंसुद्धा. बेरीज पक्की करायला याहून चांगली शाळा नाही, असं माझ्यासारख्या मास्तराला वाटलं तर नवल नको.

इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये या खेळाच्या साखळी स्पर्धा चालतात. सगळ्यांत वरची प्रीमियरशिप. तिच्याखाली चँपियनशिप. आपली गोष्ट आहे या खालच्या पायरीची. इथे फार मोठा पैसा नाही. स्वाराला मिळवलेल्या गुणांप्रमाणे पैसे मिळतात, गाडी आणि इंजिनाचा खर्च मात्र त्याचा त्याला सांभाळायचा. त्यामुळे पुष्कळ जण दिवसा दुसरं काम करतात आणि संध्याकाळी गाडी व्हॅनमध्ये टाकून दुसऱ्या गावी सामन्याला जातात. तिथे पडले, हाड मोडलं, तर गुण नाहीत आणि गुणांचे पैसेही नाहीत.

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, कंब्रिया भागात, वर्किंग्टन नावाचं छोटं गाव आहे. एके काळी कोळसा आणि पोलाद यांवर जगणारं. २००६ सालापर्यंत इथे रेल्वेचे रूळ बनत होते. या गावाचा संघ म्हणजे वर्किंग्टन कॉमेट्स, कॉमेट म्हणजे धूमकेतू. धूमकेतू जातो आणि परत येतो ना? हा संघही तसाच. १९७० साली सुरू झाला, १९८१ नंतर बंद पडला आणि १९९९ साली पुन्हा उभा राहिला. तेव्हाचं मैदान डर्वेंट पार्क. मधल्या हिरवळीवर रग्बी आणि तिच्या कडेनं स्पीडवेचा ट्रॅक.

२०१८ चा हंगाम सुरू झाला तेव्हा संघात डॅन ब्यूली नावाचा कंब्रियाचाच पोरगा होता. वय अवघं १८. मोठ्या लीगमध्येही खेळणारा, गावाचा लाडका. हंगामाच्या मध्यावर तो जोरात पडला. मांडीचं हाड मोडलं. झालं! आता काय होणार? पण बाकीच्यांनी त्याचं ओझं वाटून घेतलं. कुणी एखादा गुण जास्त आणला, कुणी शेवटच्या वळणावर तिसरा नंबर हिसकावला. असं करत करत कॉमेट्सनं त्या वर्षी लीग जिंकली, नॉकआउट कप जिंकला आणि शील्डही जिंकली. एकाच वर्षात तीन मोठे विजय!

वाटेल, आता पुढच्या वर्षी यांना कोण हरवणार? पण २०१९ साली कॉमेट्सचा संघ लीगमध्ये उतरलाच नाही. अंतिम फेरीत त्यांच्याकडून हरलेला लेकसाइड हॅमर्सही त्याच हंगामानंतर बंद झाला, त्यांचं तर मैदानच हातचं गेलं. जिंकणारे गेले, हरणारेही गेले.

वाचून मलाही वाईट वाटलं. एवढं सगळं जिंकून असं कसं? पण खालच्या लीगमधला क्लब चालवणं म्हणजे गावातली एखादी तालीम चालवण्यासारखं आहे. पैलवान कुस्ती मारतो, फेटा बांधतात, फोटो निघतो. पण तालमीत माती कोण टाकतं? वीजबिल कोण भरतं? ते कुठल्या फोटोत नसतं. स्पीडवेलाही ट्रॅकवर माती पसरणारे, ट्रॅक्टर फिरवणारे, निशाण धरणारे, डॉक्टर, अँब्युलन्स, सगळं लागतं. त्यात ऐन सामन्याच्या दिवशी पाऊस आला, की तिकीटविक्री बुडालीच. तीन चषक मिळाले म्हणून हा खर्च काही थांबत नाही.

पण धूमकेतूची गोष्ट इथे संपत नाही बरं का! मांडीचं हाड मोडलेला डॅन ब्यूली पुढे बरा झाला. २०२१ साली मँचेस्टरला ब्रिटननं सांघिक जगज्जेतेपद जिंकलं, तेव्हा तो त्या संघात होता. २०२२ साली कार्डिफला जागतिक मालिकेतली ब्रिटनची ग्रां प्रीही त्यानं जिंकली. आणि कॉमेट्स? २०२३ साली वर्किंग्टनच्याच दुसऱ्या एका ट्रॅकवरून ते पुन्हा लीगमध्ये आले. चँपियनशिपमध्ये नव्हे, तिच्याहीखालच्या तिसऱ्या पायरीवर, नवशिक्या पोरांच्या लीगमध्ये. सगळं जिंकलेल्या नावानं पुन्हा खालून सुरुवात करायची, याला मोठं मन लागतं.

तेव्हा शाळेच्या मैदानावर या वर्षी तुमचा संघ जिंकला तर खुशाल नाचा. पण दुसऱ्या दिवशी फक्की मारायला, जाळं बांधायला कोण येतं, तेही बघा. जमलं तर तुम्हीच जा.

आणि हे घ्या या आठवड्याचं कोडं. १४ शर्यती झाल्या आहेत. ‘अ’ संघाचे गुण ४१ आणि ‘ब’ संघाचे ४३. शेवटच्या शर्यतीत ‘अ’च्या दोन स्वारांनी कुठले नंबर पटकावले तर ‘अ’ संघ सामना जिंकेल? आणि कुठले पटकावले तर बरोबरी होईल? आईबाबांना न विचारता सोडवा. उत्तर पुढच्या अंकात. तोवर, सायकल चालवताना ब्रेक मात्र नक्की तपासून घ्या!