शटर उघडे राहावे म्हणून

कारखान्याचा इतिहास आवर्जून लिहिला जातो. त्याच्या आश्रयाने वाढलेल्या बाजाराचा मात्र राहून जातो. भिलाईचेच पाहा. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, हे सर्वज्ञात आहे. परंतु बांधकामासाठी आलेल्या श्रमिकांच्या ज्या वस्त्यांनी आपल्या नावात आजही 'कॅम्प' हा शब्द जपला आहे, तेथील दुकानांची दखल क्वचितच घेतली जाते.

पोलाद कारखान्याच्या नगरीतील सेक्टर आणि त्यांचे बाजार आराखड्यानुसार उभे राहिले. कॅम्प-1 सारख्या वस्तीतील बाजार गरजेतून वाढला. तेलुगू, ओडिया, बंगाली, पंजाबी, छत्तीसगढी आणि मराठी कुटुंबांना तांदूळ, कापड, भांडी येथेच मिळाली. महिनाअखेरीस उधारीची वही उघडली जाई आणि पगाराच्या दिवशी ती मिटे. कोणत्याही तारणाविना चाललेला हा पतव्यवहार केवळ ओळखीवर उभा होता.

अशा बाजारांपुढील प्रश्न जगभर सारखाच आहे. जपानमधील लहान गावांत दुतर्फा छोटी दुकाने असलेल्या बाजारपेठेस 'शोतेन्गाई' म्हणतात. तरुण शहरांकडे गेले, मोटारीने मोठ्या दुकानांत जाणे सोयीचे झाले आणि अनेक गावांतील पेठा ओस पडल्या. मोठ्या दुकानांवर निर्बंध घालणारा कायदा तेथे 1974 पासून अमलात होता. 2000 साली तो रद्द झाला. कायदा असतानाही ही घसरण थांबली नव्हती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

क्युशू बेटावरील बुंगोताकादा या छोट्या गावाने निराळी वाट धरली. 2001 साली तेथील पेठेस 'शोवा नगरी' असे रूप देण्यात आले. शोवा कालगणनेचे तिसावे दशक, म्हणजे 1955 ते 1964 हा काळ, तेथे पुन्हा उभा केला गेला. योगायोग असा की, भिलाईच्या उभारणीचाही काळ हाच! दुकानांचे दर्शनी भाग जुन्या धाटणीचे केले गेले. दुकानदारांनी आपल्या घराण्यातील एखादी जुनी वस्तू मांडली आणि स्वतःची एक खासियत ठरवली. पर्यटक येऊ लागले.

कॅम्प-1 पर्यटनस्थळ नाही. त्यामुळे तेथे सजावटीची नक्कल व्यर्थ ठरेल. घेण्याजोगे आहे ते व्यापाऱ्यांचे एकत्र येणे आणि प्रत्येकाने आपली खासियत ओळखणे. मॉलमध्ये ग्राहकास पक्के बिल, छापील किंमत आणि वस्तू बदलून मिळण्याची हमी मिळते. तीच हमी पेठेतही मिळावी, ही अपेक्षा रास्त आहे.

बँकांचीही येथे जबाबदारी आहे. 2015 पासून मुद्रा योजनेद्वारे छोट्या व्यावसायिकांना तारणाविना कर्ज मिळू शकते. 2016 मध्ये यूपीआय आल्यापासून दुकानातील विक्रीची नोंद आपोआप खात्यात उमटते. पूर्वी जी पत केवळ उधारीच्या वहीत दिसे, ती आता बँकेलाही दिसू शकते. तरीही कर्ज अधिकाऱ्याने महिन्यातून एकदा पेठेतून पायी फेरी मारावी. सणापूर्वी कोणाला खेळत्या भांडवलाची निकड आहे, हे तेथे चटकन कळते.

आणि आपण ग्राहक? ओढगस्तीच्या दिवसांत ज्या दुकानाने आपल्याला उधार दिले, तेथे सुबत्तेच्या दिवसांत रोखीने चार वस्तू घ्याव्यात. त्यात उपकाराची भावना नसावी. उद्या ती सोय आपल्या शेजाऱ्यालाही लागणार आहे.