रॉकेलची सवय, पेट्रोलचा धोका

पावसाने उघडीप दिली की पेण आणि रोहा तालुक्यांत भाताच्या बांधांवर आणि आंब्याच्या बागांत ग्रास कटरची घरघर सुरू होते. यंत्र खांद्याला असते आणि बांधावर पाण्याची जुनी बाटली. बाटलीत पेट्रोल आणि टू-टी ऑइलचे मिश्रण, दिसायला सरबतासारखे. झाकणाला खिळा तापवून पाडलेले भोक हीच तिची तोटी. टाकी रिकामी झाली की यंत्र बंद होते आणि लगेच बाटली उपडी होते. सायलेन्सर तेव्हा तापलेलाच असतो.

घरी पाच लिटरचा खाद्यतेलाचा कॅन असतो. त्याचे झाकण कधीच हरवलेले. तोंडाला प्लास्टिकची पिशवी नाहीतर चिंधी. तेही नसेल तर मोटारसायकलच्या टाकीत नळी घालून तोंडाने पेट्रोल ओढायचे. जवळपास सगळ्यांनी हे कधी ना कधी पाहिलेले असते, म्हणून त्यात कुणाला वावगे वाटत नाही.

ही सवय रॉकेलच्या काळातली आहे. स्टोव्ह, कंदील, चिमणी यांत दोन-तीन पिढ्यांनी बाटलीतून रॉकेल ओतले. पण रॉकेल साधारण 35 अंशांच्या वर तापल्याशिवाय पेट घेण्याइतकी वाफ देत नाही. पेट्रोल उणे 40 अंशांच्या आसपासही तेवढी वाफ देते. म्हणजे कोकणातल्या कुठल्याही ऋतूत उघड्या पेट्रोलभोवती पेटू शकणारी वाफ असतेच. ती हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. वर उडून न जाता ती जमिनीलगत सरपटत जाते आणि पडवीत सांडलेल्या पेट्रोलची वाफ आतल्या चुलीपर्यंत पोहोचते. रॉकेलला जे खपून गेले ते पेट्रोलला खपत नाही.

इथेच तोटीचा प्रश्न येतो. कॅनमधून द्रव बाहेर पडताना तेवढीच हवा आत जावी लागते. तोंड एकच असेल तर दोघांची ओढाताण होते, पेट्रोल गचके देत येते आणि तापलेल्या यंत्रावर, हातावर, कपड्यांवर सांडते. चांगल्या तोटीत हवेसाठी वेगळी वाट असते, सोडल्यावर आपोआप बंद होणारी झडप असते, घट्ट बसणारा वॉशर असतो आणि आत बारीक जाळी असते. ही जाळी ज्योतीची उष्णता शोषून घेते आणि तिला आत शिरू देत नाही. हम्फ्री डेव्ही यांनी 1815 मध्ये खाणकामगारांच्या दिव्यासाठी हेच तत्त्व वापरले होते. जवळजवळ रिकामा कॅन ज्योतीजवळ ओतला आणि आतली वाफ पेटली, तर कॅनच्या तोंडातून आगीचा झोत बाहेर फेकला जातो. जाळी नेमके हेच अडवते.

कायदा याबाबत गप्प नाही. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल 30 लिटरपर्यंत परवान्याशिवाय बाळगता येते. पण ते घट्ट बुचाच्या भांड्यात हवे: काचेचे किंवा चिनीमातीचे असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचे असेल तर 25 लिटरपर्यंत. प्लास्टिकची बाटली त्या यादीत नाही. मात्र बाटलीत पेट्रोल देऊ नका, एवढे पंपाला बजावून भागत नाही. यंत्र शेतात आहे, ते पंपावर नेता येत नाही. बाटली बंद केली आणि कॅन दिला नाही, तर माणूस नळी तोंडात धरतो.

त्याची किंमत फुप्फुसे मोजतात. पेट्रोल फार पातळ असते. पोटात गेलेल्या घोटापेक्षा ठसक्याबरोबर श्वासनलिकेत उतरलेले थोडेसे पेट्रोल अधिक घातक ठरते. ते फुप्फुसाच्या आतल्या पृष्ठभागावर पसरते आणि रासायनिक न्यूमोनिया होतो. लहान मूल पाण्याची बाटली समजून तीच तोंडाला लावते, तेव्हाही हेच घडते. शिवाय पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेंझिन असू शकते आणि ते कर्करोगाला कारणीभूत ठरते हे सिद्ध झालेले आहे. रोज हात भिजवून घेण्यासारखा हा पदार्थ नव्हे.

अमेरिकेचा अनुभव इथे उपयोगी आहे. तिथे 2009 पासून आपोआप बंद होणाऱ्या तोट्या सक्तीच्या झाल्या, हेतू वाफेचे प्रदूषण रोखण्याचा. पण त्यांतल्या बऱ्याच तोट्या इतक्या अवघड निघाल्या की लोकांनी त्या काढून जुन्या पद्धतीच्या बसवल्या. पुढे 2020 मध्ये कॅनमध्ये ज्योतरोधक बसवणे बंधनकारक करणारा कायदा झाला. धडा सरळ आहे: सुरक्षित वस्तू वापरायला सोपी नसेल तर ती अडगळीत जाते.

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी, रसायनांच्या कारखान्यांत, ज्वालाग्राही द्रव ओतताना पिंपाला अर्थिंग जोडणे हा रोजचा शिरस्ता असतो. तेच शास्त्र घरच्या पाच लिटरला लागू आहे. वाहत्या पेट्रोलमुळे स्थिर वीज साठते आणि प्लास्टिक ती जमिनीत जाऊ देत नाही. म्हणून कॅन भरताना तो गाडीवर नव्हे, जमिनीवर ठेवायचा असतो.

मग करायचे काय? पॉवर टिलरसारख्या यंत्रांना सरकार अनुदान देते. पेट्रोलवर चालणाऱ्या प्रत्येक अनुदानित यंत्राबरोबर तोटीसह धातूचा कॅन दिला, तर यंत्राच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे. कॅन वर्षानुवर्षे टिकतो, पण तोटी हरवते आणि वॉशर झिजतो. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते काही जुन्या रबरांना फुगवते. म्हणून सुटी तोटी आणि वॉशर पेण, वडखळ, कोलाड, रोह्याच्या यंत्रांच्या दुकानांत स्पार्क प्लगइतक्या सहज मिळायला हवेत. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडातल्या अनेक गावांची वीज कित्येक दिवस तोडली होती. अशा वेळी जनरेटरसाठी घराघरांत पेट्रोल साठते. आपत्तीच्या तयारीच्या यादीत मेणबत्तीबरोबर हा कॅनही असायला हवा.

तोवर एवढे तरी पाळावे. इंजिन थंड होऊ द्यावे, विडी लांब ठेवावी, पाण्याच्या बाटलीत पेट्रोल कधीही भरू नये. कपड्यांवर सांडले तर चुलीपाशी न जाता आधी कपडे बदलावेत आणि अंग साबणाने धुवावे. कुणाच्या पोटात गेलेच तर मिठाचे पाणी देऊन ओकारी काढू नये, कारण ओकताना तेच पेट्रोल फुप्फुसात उतरण्याची भीती असते. खोकला किंवा धाप नसली तरी 108 ला फोन करून रुग्णालय गाठावे, कारण त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो. डॉक्टरांना नेमके काय प्यायले ते सांगावे आणि जमल्यास ती बाटली दाखवावी.