शब्द पाळला का, तेवढं मोजा!

नवं घर घेतलेल्या कुणालाही विचारा. भिंतीला प्लास्टर होतं, रंगाचा पहिला हात बसतो आणि इलेक्ट्रिशियन छिन्नी-हातोडी घेऊन उगवतो. पाइप टाकायचा राहिलाय म्हणे! आपण त्याच्यावर चिडतो. पण प्लास्टर कधी होणार, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मी सिव्हिल इंजिनीअर. साइटवर बरीच वर्षं काढली. आमच्याकडे ‘टीमवर्क’चा जप फार. ते मोजायचं कसं, असं विचारलं की एक फॉर्म पुढे येतो. ‘परस्पर सहकार्य: पाचपैकी किती गुण?’ साहेब समोर बसलेले असताना दोन गुण कोण देणार, सांगा! सगळीकडे चार नि पाच. स्लॅब मात्र पंधरा दिवस उशिरा.

त्यापेक्षा ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी १९९०च्या दशकात मांडलेली रीत मला पटते. पुढच्या आठवड्याचं काम ते करून घेणाऱ्यांनीच एकत्र बसून ठरवायचं. सेंटरिंगवाला, फिटर, प्लंबर, सगळे. आठवडा संपला की मोजायचं. दहा कामं कबूल केली, सात पुरी झाली, म्हणजे ७० टक्के. अर्धवट काम धरायचंच नाही. उरलेली तीन का राहिली? स्टील आलं नाही, ड्रॉइंग बदललं, की माणसं कमी पडली? कारण लिहायचं, कुणाला झापायचं नाही. चार-सहा आठवड्यांत कळतं, गाडं नेमकं कुठे अडतंय.

पण हा आकडा छडीसारखा वापरला, की लोक सोपी कामंच कबूल करतात. म्हणून या रीतीत ‘नाही जमणार’ म्हणायची मुभा असते. माझ्या मते खरी परीक्षा इथेच आहे. ‘टेकू कमी आहेत, आज स्लॅब भरायला नको,’ असं नवी ज्युनिअर मुलगी म्हणाली, तर काय होतं? ‘मॅडम, तुम्हाला अजून अनुभव नाही,’ हे उत्तर मीही ऐकलंय. आणि सेंटरिंग कोसळलं, तर सापडतात त्या घमेली वाहणाऱ्या बाया नि मजूर. मीटिंगमध्ये मान डोलावणारे नव्हे.

तेव्हा साहेब, ते गुणांचे फॉर्म ठेवा बाजूला. शेवटच्या खुर्चीवरची मुलगी बोलली का, आणि ती बोलल्यावर काम थांबवून कुणी टेकू मोजले का, तेवढं बघा. टीम कशी आहे, ते लगेच कळेल!