विश्लेषण : कामामुळे कर्करोग होतो, हे आकडेवारीतून कसे कळते?

आगीशी झुंजणाऱ्या जवानांचे काम कर्करोगाला निश्चितपणे कारणीभूत ठरते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने (आयएआरसी) २०२२ मध्ये दिला. त्याआधी अमेरिकेत या जवानांचा मोठा अभ्यास झाला होता. त्यासाठी वापरलेले सॉफ्टवेअर मोफत मिळते. मग भारतात असे अभ्यास विरळच का?

हे सॉफ्टवेअर कोणते?

‘लाइफ टेबल ॲनालिसिस सिस्टीम’ अर्थात एलटीएएस. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या ‘निऑश’ या अमेरिकी सरकारी संस्थेने ते तयार केले. एखाद्या व्यवसायातील कामगारांच्या गटाचा (कोहॉर्ट) मृत्युदर सर्वसामान्य जनतेच्या मृत्युदराशी ताडून पाहणे, हे त्याचे काम. पिट्सबर्ग विद्यापीठाचे ‘ऑकमॅप’ही याच कामासाठी आहे.

गणित कसे मांडतात?

प्रत्येक कामगाराची जन्मतारीख, रुजू झाल्याची आणि काम सोडल्याची तारीख, मृत्यू झाला असल्यास त्याची तारीख व कारण ही माहिती भरली जाते. समजा, एक कामगार १९६० मध्ये तिसाव्या वर्षी रुजू झाला आणि त्याचा १९९० पर्यंत मागोवा घेतला. ही ३० ‘व्यक्ती-वर्षे’ वयोगट आणि कालखंडानुसार विभागली जातात. प्रत्येक भागाला त्या वयाच्या, त्या काळातील सर्वसामान्यांचा मृत्युदर लावला की ‘अपेक्षित मृत्यू’ मिळतात. प्रत्यक्ष मृत्यूंना अपेक्षित मृत्यूंनी भागले की येतो एसएमआर. तो १ पेक्षा जास्त, म्हणजे मृत्यू अपेक्षेपेक्षा अधिक.

अग्निशमन जवानांबाबत काय आढळले?

सॅन फ्रान्सिस्को, शिकागो आणि फिलाडेल्फिया येथील २९,९९३ जवानांच्या १९५० ते २००९ या काळातील नोंदी तपासल्या गेल्या. सर्व कारणांच्या मृत्यूंचा एसएमआर ०.९९, म्हणजे जनतेइतकाच. कर्करोगाचा मात्र १.१४, म्हणजे १४ टक्के जास्त. ॲस्बेस्टॉसशी निगडित मेसोथेलिओमाचे मृत्यू तर दुप्पट होते.

एकूण आकडा फसवा का?

भरतीवेळी धडधाकट उमेदवारच निवडले जातात, त्यामुळे त्यांचा मृत्युदर मुळातच कमी असतो. याला ‘निरोगी कामगार परिणाम’ म्हणतात. एकूण आकड्यात कामाचा धोका झाकला जातो. म्हणून प्रत्येक आजाराचा हिशेब वेगळा करावा लागतो.

भारतात अडचण कुठे?

अडचण नोंदींची आहे. २०२० मध्ये देशातील नोंदणीकृत मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते. ठेकेदार बदलला की कंत्राटी कामगाराचे नाव दुसऱ्याच हजेरीपटावर जाते. गावी परतल्यावर तो आजारी पडला, तर जुन्या कारखान्याशी संबंध दाखवणारा कागद हाती नसतो. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्य नोंदी कामाच्या सुरुवातीपासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत जपाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच दिला होता. कारण असे आजार कित्येकदा काम सुटल्यावर दशकांनी उघड होतात.

पुढे काय?

अमेरिकेतही हे काम सुरक्षित नाही. एप्रिल २०२५ मध्ये निऑशच्या शेकडो कर्मचाऱ्यांना कपातीच्या नोटिसा मिळाल्या, नंतर काहींना परत बोलावले गेले. नोंदी ठेवणारी माणसे आणि कागद टिकले नाहीत, तर सॉफ्टवेअरला भागाकार करायला आकडेच उरणार नाहीत. मग मृत्यू कामामुळे झाला, हे कुटुंबाने दाखवायचे कशाच्या आधारावर?